छप्पन किलो

गाडी जुनी जिप्सी, वनखात्याच्या लिलावातली.
दारावरचा खरवडलेला शिक्का
दुपारच्या उन्हात अजून उमटतो.
पुढचा बंपर नव्हताच. रानडुकरानं नेला की ड्रायव्हरनं,
लिलावाच्या कागदात लिहिलेलं नाही.

विंच वाडीच्या कबाडातली,
धंदा मोडून गोंदियाला गेलेल्या कुण्या क्रेनवाल्याची.
मोटर गुणगुणायची, दोराच्या जागी गंजाची वेणी.
नवा दोर लोहाओळीतून आणला, वीस मीटर.
चॅनल पासष्ट रुपये किलो;
त्यावर एका कूलर कारखान्याचं नाव, निळं, अर्धं.

देवमन बारापात्रेनं गॉगल कपाळावर चढवला.
"तुले नेमकं ओढाचं काय आहे?"
मी म्हटलं, जंगलात, चिखलात, कधी अडकलो तर...
"चिखल दोन महिने.
बाकी दहा महिने हे लोखंड तुलेच ओढाव लागन."
आणि पुठ्ठा मागितला.

आधी पुठ्ठ्याचा बंपर.
टीव्हीच्या खोक्यातून कापून
चेसिसच्या दोन शिंगांना सुतळीनं बांधला,
मग लांब जाऊन मान तिरपी करून पाहत राहिला,
शिंपी बिनबाह्यांच्या सदऱ्याकडे पाहतो तसा.

चेसिसला वेल्डिंग नाही, हे त्याचं पहिलं कलम.
"डागलं का हाड ठिसूळ होते.
बोल्टानं धर. उद्या नको वाटलं
तं सोडता आलं पायजे."
आठ भोकं. चौथ्याला बिट मोडलं,
सहाव्याला वीज गेली,
आठवं एक सूत सरकलं ते कानशीनं वाटेवर आणलं.
एप्रिलचे अकरा वाजलेले,
पाने ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेले,
नाहीतर हातात धरवत नव्हते.

पहिली चक्कर नाक्यापर्यंतच.
तापमानाचा काटा लालात.
"नाक बुजलं तिचं," देवमन म्हणाला,
"विंच पुरी हवा खाऊन रायली."
पुन्हा सगळं उतरवलं. विंच चार बोटं खाली,
पत्र्यात लांब फटी,
थेट कूलरच्या खिडकीसारख्या.
(पुसलेलं निळं नाव तेव्हा बरोबर मधोमध कापलं गेलं.)

कबाडवाल्याच्या काट्यावर भरलं छप्पन किलो.
पुढचे पाटे दीड इंच दबले.
बेबीनंदानं गाडीभोवती एक फेरी मारली.
"लग्नात माझं वजन एवढंच होतं," म्हणाली,
"आन् तुमच्याजवळ सायकल होती."

मे महिन्यात हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत
पाण्याचा टँकर खोदलेल्या रस्त्यात बसला.
मागचं चाक आसापर्यंत.
मी जिप्सी काढली. दोर सोडला, हूक लावला, बटण दाबलं.
हेडलाइट पिवळे पडले, मोटर कण्हली,
आणि टँकर होता तिथेच;
जिप्सी मात्र चारही चाकं दाबलेली असताना
घसरत निघाली त्याच्याकडे,
हट्टी पोराला मामाच्या घरी नेतात तशी.

कुणीतरी साखळी आणली.
जिप्सीची शेपटी आम्ही
कोरड्या पडलेल्या बोअरच्या पाइपाला बांधली.
आता दोर ताठ, साखळी ताठ,
मधे माझी गाडी,
आणि कुणीच हलेना.

मग निनाव्यांची सून पुढे आली, हातात दोन बादल्या.
"उभाच आहे तं वाल्व्ह उघडा नं, भाऊ."
गुंड, ड्रम, पिंप, बाळाचा टब, कूलरच्या टाक्या.
गल्लीनं तासाभरात टँकर उपसला.
लोक लांब उभे केले, मी पुन्हा बटण दाबलं,
ड्रायव्हरनंही पहिल्या गिअरमध्ये टाकला,
आणि तो खड्ड्यातून वर आला,
झोपेतून उठल्यासारखा.

देवमननं फोनवर विचारलं, ओढला का?
मी म्हटलं, अर्धा.
"कोणता अर्धा?"
मी दोर गुंडाळत होतो. एका जागी तारा उसवल्या होत्या,
हातमोज्यातूनही टोचत होत्या.
दारात आमची एकच बादली,
काठोकाठ,
कुणी भरून ठेवली ते कळलं नाही.